हातातील जीवनवाहिनी आणि तिची राखण

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या घरी यंत्र, डॉक्टर आणि खर्च यांची चर्चा नित्य होते. फिस्टुलाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. रुग्णाचे रक्त यंत्रापर्यंत नेऊन शुद्ध रूपात परत आणणारा हा हातातील मार्ग बंद पडला, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. या मार्गाची पहिली राखणदार म्हणजे डायलिसिस कक्षातील परिचारिका.

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड रुग्णांसाठी वापरले. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि लवकरच वाहिन्या संपत. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉनची नळी हातात कायम ठेवली. तिच्यात रक्त गोठे, जंतुसंसर्गही होई. अखेर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेसिया, सिमिनो व सहकाऱ्यांनी मनगटाजवळची धमनी शिरेला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. धमनीच्या दाबाने शीर काही आठवड्यांत रुंद व बळकट होते. हाच फिस्टुला. आपल्याकडे १९७५ नंतर जयप्रकाश नारायण यांच्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले, तेव्हा डायलिसिस हा शब्द अनेकांनी प्रथम ऐकला.

भोर तालुक्यातील शिवरे गावाहून महामार्गाने पुण्यास डायलिसिससाठी जाणाऱ्या एखाद्या रुग्णाचा हिशेब मांडून पाहावा. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे वर्षात १५६ वेळा. प्रत्येक वेळी दोन सुया, म्हणजे ३१२ टोचण्या. मिनिटास ३०० मिलिलीटर रक्त चार तास फिरले, तर एका खेपेस ७२ लिटरचा प्रवाह त्या एकाच शिरेतून जातो. नसा हे रुग्णाचे भांडवल आहे. ते एकदा खर्ची पडले की पुन्हा उभे करणे कठीण.

म्हणून अनुभवी परिचारिका सुई हाती घेण्यापूर्वी हात पाहते, स्पर्श करते, ऐकते. लाली, सूज वा स्राव नाही ना? बोटांखाली थरथर लागते ना? स्टेथोस्कोपमध्ये अखंड घरघर येते ना? हात वर उचलल्यावर फुगलेली शीर ओसरली नाही, तर पुढे अडथळा असल्याचा संशय येतो. त्वचा निर्जंतुक केल्यावर ती टोचण्याची जागा बदलत जाते. वारंवार एकाच ठिकाणी टोचल्यास शीर कमकुवत होऊन फुगते. सुया पक्क्या चिकटवून हात पांघरुणाबाहेर ठेवला जातो, कारण सुई निसटली तर काही मिनिटांत धोकादायक रक्तस्राव होतो. शेवटी सुया काढल्यावर ती बेताचा दाब देते; फार आवळल्यास फिस्टुला गोठू शकतो.

परंतु आठवड्यातील चार दिवस परिचारिका जवळ नसते. म्हणूनच घरच्यांना शिकवणे हे तिचे तितकेच मोठे काम आहे. रोज सकाळी फिस्टुलावर बोटे ठेवून थरथर तपासावी. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये, सलाइन लावू देऊ नये. घट्ट बांगडी वा घड्याळ नको. धान्याचे पोते, दुकानाचे शटर वा जड पिशवी त्या हाताने उचलू नये, उशाखाली हात घेऊन झोपू नये. थरथर थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंब झाल्यास गाठ काढणे अवघड होते. थंडी वाजून ताप आल्यासही तसेच, विशेषतः मानेत कॅथेटर असेल तेव्हा.

उपवासासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. रक्तदाब फार घसरला की फिस्टुला गोठण्याचा धोका वाढतो. पर्युषणात निर्जळ उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी किडनीतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांनी मूत्रपिंडे क्षीण होत असलेल्या व्यक्तीने डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच, सहसा कमी वापरातल्या हाताच्या नसा राखून ठेवाव्यात आणि फिस्टुलाविषयी डॉक्टरांना विचारावे. फिस्टुला पक्व होण्यास वेळ लागतो. अखेरच्या क्षणी मानेत कॅथेटर घालण्याची वेळ आली, तर संसर्गाचा धोका वाढतो. तसेच, डायलिसिस कक्षातील परिचारिका एखादी सूचना पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर तिला कंटाळू नये. तिच्या त्या बारीक लक्षावरच घरातील माणसाचे आयुष्य टिकून आहे.