महाविद्यालयीन नेमबाजीतील साइट व दुर्बिणी : निवड आणि निगा

सारांश

नेमबाजी हा खेळ अनेक महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना व क्रीडा विभाग यांच्यामार्फत चालतो. रायफल खरेदी करताना जितका विचार केला जातो, तितका तिच्यावरील साइटचा, म्हणजे लक्ष्यदर्शकाचा, केला जात नाही. परिणामी साधनातील दोष पुष्कळदा विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो. प्रस्तुत लेखात साइटचे प्रकार, त्यांमागील प्रकाशशास्त्रीय तत्त्व, निवडीचे निकष आणि नाशिकच्या हवामानात घ्यावयाची निगा यांचे विवेचन केले आहे.

प्रस्तावना

नाशिक आणि शस्त्रविद्या यांचे नाते जुने आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये येथे भोसला सैनिकी विद्यालयाची स्थापना केली. देवळाली येथे भारतीय लष्कराचे तोफखाना विद्यालय आहे, तर नाशिक रोड येथे तोफखाना केंद्र आहे. क्रीडाक्षेत्रातही हे शहर मागे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच्या जडणघडणीची महत्त्वाची वर्षे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गेली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक मिळविले.

या यशासंबंधी एक बाब सामान्य वाचकास अपरिचित असते. अशा स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या रायफलीवर भिंगाची दुर्बीण नसते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत दुर्बीण लावता येत नाही. मागे एक बारीक छिद्र आणि पुढे एक कडे, एवढ्याच साधनावर पन्नास मीटर अंतरावरील १०.४ मिलिमीटर व्यासाचे दहाचे वर्तुळ टिपावयाचे असते. म्हणून "दुर्बीण जितकी मोठी तितका नेम चांगला" ही समजूत प्रथम दूर सारणे आवश्यक आहे.

साइटचे प्रकार व त्यांमागील तत्त्व

स्थूलमानाने साइटचे तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार उघड्या साइटचा. यात पुढे माशी व मागे खाच असते. एअर पिस्तूल प्रकारात हीच पद्धत आहे. डोळ्यास खाच, माशी आणि लक्ष्य या तिन्ही वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. त्यामुळे दृष्टी माशीवर स्थिर ठेवून लक्ष्य किंचित अंधूक दिसू द्यावे, असे नवोदितांस शिकविले जाते.

दुसरा प्रकार छिद्रसाइटचा. नेमबाज तिला पीप साइट किंवा डायोप्टर म्हणतात. बारीक छिद्रातून पाहिले असता दृष्टीची खोली वाढते आणि पुढील कडे व लक्ष्य ही दोन्ही पुरेशी स्पष्ट दिसतात. शिवाय छिद्राच्या मध्यातून पाहण्याची डोळ्याची प्रवृत्ती असल्याने मागील साइट स्वतंत्रपणे जुळवावी लागत नाही.

तिसरा प्रकार दुर्बिणीचा. यात लक्ष्य व क्रॉसहेअर एकाच प्रतलात दिसतात, म्हणून दृष्टिदोष असणाऱ्यासही ती सोयीची वाटते. मात्र दुर्बीण नेम स्थिर करीत नाही. हाताचे कंपन ती तेवढ्याच पटीने मोठे करून दाखविते आणि विद्यार्थी घाबरून घाईने चाप ओढतो.

उघड्या व छिद्रसाइटच्या बाबतीत एक साधे गणित अध्यापकांनी ध्यानी घ्यावे. पुढील व मागील साइटमधील अंतर ८० सेंटिमीटर असेल आणि साइट केवळ ०.२ मिलिमीटरने सरकली, तर दहा मीटरवर गोळी २.५ मिलिमीटर आणि पन्नास मीटरवर १२.५ मिलिमीटर दूर जाते. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचे वर्तुळ अवघे ०.५ मिलिमीटरचे असते. छर्‍याची कड त्यास स्पर्शली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे ४.५ मिलिमीटर छर्‍याचा मध्य लक्ष्यकेंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. सैल स्क्रूमुळे होणारी केसाएवढी हालचालही दहाच्या पूर्ण मर्यादेइतकी चूक घडविते. पन्नास मीटरवर तर हीच हालचाल दहाची मर्यादा ओलांडून गोळी नऊमध्ये नेते.

निवडीचे निकष

साइटची निवड करताना प्रथम प्रकार निश्चित करावा. विद्यार्थ्यास आंतरविद्यापीठ वा राष्ट्रीय स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल खेळावयाची असेल, तर आरंभापासून छिद्रसाइटवरच सराव द्यावा. दुर्बिणीवर मिळविलेले गुण स्पर्धेत उपयोगी पडत नाहीत.

छिद्रसाइट घेताना मागील छिद्र लहानमोठे करता येते का, हे पाहावे. सामान्यतः १ ते १.३ मिलिमीटरचे छिद्र उपयुक्त ठरते. प्रकाश मंद असेल तर ते थोडे वाढवावे. पुढील कडे फार घट्ट निवडू नये. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे, अन्यथा डोळा शिणतो आणि नेम धरून ठेवण्याचा काळ वाढतो. साइटचे क्लिक दोन्ही दिशांना सारखे चालतात का, याची परीक्षा खरेदीपूर्वी करावी. दहा क्लिक उजवीकडे व दहा डावीकडे फिरविल्यावर गोळ्या मूळ जागी आल्या पाहिजेत.

सरावासाठी वा साधनांच्या चाचणीसाठी दुर्बीण घ्यावयाची झाल्यास चार बाबी तपासाव्यात. एक, पॅरलॅक्स. डोळा किंचित हलविला असता क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकताना दिसले, तर ती दुर्बीण त्या अंतरासाठी जुळविलेली नाही. बहुतेक साध्या दुर्बिणी सुमारे शंभर मीटरसाठी जुळविलेल्या असतात. दहा मीटरसाठी जुळवणीची सोय असलेलीच घ्यावी. दोन, प्रकाश. पुढील भिंगाचा व्यास मोठेपणाच्या पटीने भागला असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरची दुर्बीण चार पटीवर १० मिलिमीटरची, तर दहा पटीवर केवळ ४ मिलिमीटरची शलाका देते. तीन, धक्का. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का प्रथम मागे व लगेच पुढे असा दुहेरी असतो. तो सोसण्यासाठी न बनविलेली दुर्बीण अल्पावधीत निकामी होते. चार, बैठक. एअर रायफलीवरील पट्टी बहुधा ११ मिलिमीटरची असते. रुंद पट्टीची कडी तिच्यावर बसत नाहीत.

खरेदी समितीपुढे सर्वांत कमी दराचे कोटेशन स्वीकारण्याचा प्रश्न नेहमीच असतो. वरील निकष निविदेतच लिहिले, तर कमी दर आणि योग्य वस्तू यांचा मेळ घालणे शक्य होते.

विद्यार्थ्याची दृष्टी

चष्मा वापरणारा विद्यार्थी रायफलीवर गाल टेकवितो तेव्हा तो काचेच्या मध्यातून न पाहता वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून पाहतो. तेथे प्रतिमा विकृत होते. काच डोळ्यासमोर आणता येईल अशी नेमबाजीची चौकट या अडचणीवर उपाय आहे. वर्षारंभी नेत्रतपासणी करून घेतल्यास "लक्ष नाही" असा ठपका बसलेल्या काही विद्यार्थ्यांना केवळ योग्य नंबराची गरज होती, असे आढळू शकते.

निगा

साइटला हात लावण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, बोल्ट उघडा ठेवावा व सेफ्टी फ्लॅग लावावा. दुर्बिणीचा उपयोग आजूबाजूचे दृश्य पाहण्यासाठी कदापि करू नये, कारण दुर्बीण वळेल तिकडे नळीही वळते.

नाशिकचा उन्हाळा कोरडा व धुळीचा, तर जून ते सप्टेंबर हा काळ दमट असतो. उन्हाळ्यात भिंगावरील धूळ प्रथम फुंकणीने उडवावी, मग मऊ कुंचल्याने झाडावी आणि शेवटी भिंगाच्या कागदाने मध्याकडून कडेकडे पुसावी. रुमाल वा सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास धुळीचे कण भिंगावरील लेप ओरखडतात. रायफलीचे तेल भिंगास लागू देऊ नये. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. साधने फोमच्या बंद पेटीत महिनोन् महिने ठेवणे हे तिचे मोठे कारण होय, कारण फोम ओल धरून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या वेळोवेळी बदलाव्यात आणि पेटी आठवड्यातून एकदा कोरड्या हवेत उघडावी. वातानुकूलित खोलीतून आणलेली रायफल लगेच वापरू नये. भिंगावर बाष्प धरते.

छिद्रसाइटला निगा लागत नाही, हाही गैरसमजच आहे. छिद्रात अडकलेला एखादा तंतू प्रतिमा बिघडवितो. ०.२२ रायफलीचा धूर पुढील कड्यावर बसतो. माशी चकाकू लागल्यास नेम सरकतो, म्हणून पूर्वीचे सैनिक तिला काजळी धरीत.

दोष कोणाचा?

गोळ्या विखुरल्या की विद्यार्थ्यास दोष देणे सोपे असते. त्याआधी लक्ष्यपत्र वाचावे. गोळ्या एकत्र पण केंद्रापासून दूर असतील, तर साइट जुळविणे पुरेसे आहे. त्या विखुरलेल्या असतील, तर स्क्रू तपासून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून अनुभवी नेमबाजाकडून पाच गोळ्या मारवाव्यात. तरीही त्या विखुरल्या, तर दोष साधनात वा छर्‍यांत आहे. एकत्र आल्या, तरच विद्यार्थ्याच्या पवित्र्याकडे व चाप ओढण्याकडे वळावे. या क्रमास जेमतेम अर्धा तास लागतो.

प्रत्येक रायफलीसाठी नोंदवही ठेवणेही अगत्याचे आहे. तीत दिनांक, नेमबाज, अंतर, छर्‍यांचा प्रकार व साइटचे क्लिक नोंदवावेत. एकच रायफल पाच विद्यार्थी वापरतात तेथे प्रत्येकाची जुळवणी वेगळी असते. नोंद नसेल, तर प्रत्येक सरावातील पहिल्या दहा गोळ्या वाया जातात.

समारोप

खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याकडे स्वतःची रायफल नसते. महाविद्यालयाचे साधन हेच त्याचे साधन. ते सैल वा बुरशी धरलेले असेल, तर आपल्यात गुण नाहीत असे समजून तो मैदान सोडतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. साइटची योग्य निवड व नियमित निगा यांस मोठा खर्च लागत नाही. एक जबाबदार अध्यापक, एक नोंदवही आणि पावसाळ्यापूर्वीची एक तपासणी एवढ्या बळावर ही हानी बव्हंशी टाळता येते. शिकविण्याआधी साधन तपासणे हा अध्यापनाचाच भाग मानला जावा, एवढेच येथे प्रतिपादन आहे.