लाटांचं कोरीवकाम

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटी बघूनच करायची. ही वाट समुद्राने कड्याच्या पायथ्याशी कोरलेल्या सपाट खडकावरून जाते.

हा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाट आदळली की फटींतली हवा दाबली जाते, पाणी ओसरताच झटक्यात प्रसरण पावते आणि भेगा रुंदावतात. शिंतोड्यांतलं मीठ सुकताना स्फटिक बनून खडक कणाकणाने फोडतं; मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. पायथा पोखरला की वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो.

पुळणीचा हिशेब वेगळा. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, ती किनाऱ्यालगत पाण्याखाली साठते. दिवाळीनंतरच्या शांत लाटा ती परत आणतात. मात्र धरणं आणि वाळूउपशामुळे नद्यांकडून येणारी नवी वाळू घटली, तर किनारा झिजतो.