१९०१ चें सारा-बिल व कौन्सिलांतील सभात्याग

इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांतील पुष्कळ खातेदारांचा सारा थकला. अशा थकबाकीपायीं सरकारजमा झालेल्या जमिनी पुनः लागवडीस द्याव्या, पण विकण्याची वा गहाण टाकण्याची मोकळीक ठेवूं नये, अशा आशयाचें बिल १९०१ सालीं कायदेकौन्सिलांत आलें. सावकारापासून कुणब्याचें रक्षण व्हावें, हा हेतु सरकारनें सांगितला. परंतु गहाण पडत नाहीं त्या जमिनीवर बियाण्यापुरतें तरी कर्ज कोण देणार? कारकुनींत आम्हीं ‘नवीन शर्त’ हे शब्द अनेकदां लिहिले; ते ऐकतांच खातेदाराचा चेहरा उतरे.

आगस्टांत पुणें येथें फिरोजशहा मेहता यांनीं बिल तहकूब ठेवण्याची सूचना मांडली. सरकारपक्षाच्या मतांपुढें ती पडली. तेव्हां मेहता उठून गेले. गोखले, दाजी आबाजी खरे, भालचंद्र कृष्ण व गोकुळदास पारेख यांनींही सभा सोडली. आपण अनादरानें नव्हे, कर्तव्यबुद्धीनें जात आहों, असें गोखल्यांनीं गव्हर्नरसाहेबांस सांगितलें. मागें राहून कलमवार भांडावयास हवें होतें, असें कोणी म्हणेल; पण मतें जेथें आधींच मोजलेलीं, तेथें भांडून काय साधणार? उरलेल्या सभासदांनीं बिल मंजूर केलें, व तें १९०१ चा ६ वा आक्ट झालें.