बेब रूथची विक्री

बेसबॉल हा आपल्या चेंडूफळीसारखाच अमेरिकेंतील एक खेळ होय. तेथें एक संघ आपल्या खेळाडूचा करार दुसऱ्या संघास विकूं शकतो. बोस्टनच्या बेब रूथनें १९१९ सालीं २९ 'होमरन', म्हणजे एकाच टोल्यावर संपूर्ण फेरी, काढून विक्रम केला. आणि त्याच वर्षाअखेर मालक हॅरी फ्रेझी यांनीं त्यास १,००,००० डॉलरांस न्यूयॉर्कच्या प्रतिस्पर्धी यांकीज संघास विकलें. पुढील वर्षीं त्यानें तेथें ५४ होमरन काढिले! बोस्टनला मात्र १९१८ नंतरचें अजिंक्यपद थेट २००४ सालीं लाभलें. बोस्टनकरांचा संताप आम्हांस अवास्तव वाटत नाहीं. संघ कागदोपत्रीं मालकाचा खरा. परंतु त्यावर जीव लावणारा प्रेक्षक सौद्याच्या वेळीं कोणाच्या खिजगणतींतही नसतो.