दोन तास, एक तबकडी आणि आजीचा आवाज

घरातलं जुनं कपाट आवरायला काढलं, की कितीतरी घरांत एखादी काळी व्हिडिओ कॅसेट हाती लागते. आत्याच्या लग्नाची, बाबांच्या मुंजीची, नाहीतर पणजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची. त्या फितीवर जी माणसं हसतात, बोलतात, त्यांतली काही आज आपल्यात नसतात. भिंतीवर त्यांचा फोटो असतो; पण त्यांचा आवाज मात्र फक्त त्या कॅसेटमध्येच असतो.

कॅसेट कायम टिकत नाही. फितीवरचं चुंबकीय चित्र वर्षागणिक फिकट होतं. ती दाखवणारा व्हीसीआरही आता सहज मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली त्याचं उत्पादन थांबवलं, तेव्हा तो बनवणारी दुसरी माहितीची कंपनी उरली नव्हती. म्हणून बरेच जण अशी कॅसेट संगणकात उतरवून घेतात आणि तिची डीव्हीडी बनवतात. आजीला मोबाईलशी झटापट करावी लागत नाही. तबकडी घातली, बटण दाबलं, की झालं!

पण नेमकं इथंच घोडं अडतं. कधी ‘जागा अपुरी आहे’ असं म्हणून संगणक काम थांबवतो. कधी चित्र दिसतं, पण आवाजच नाही. कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. घाबरू नका! या सगळ्या दुखण्यांवर औषध आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या गणिताच्या वहीतच आहे.

डबा केवढा, भाजी केवढी?

साध्या डीव्हीडीवर ‘४.७ जीबी’ असं छापलेलं असतं. म्हणजे ४७० कोटी बाईट. संगणकावर मात्र तीच तबकडी ४.३८ जीबी दिसते. दुकानदारानं फसवलं का? मुळीच नाही. तबकडीवर एक जीबी म्हणजे १०० कोटी बाईट धरतात. संगणक १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाईट धरतो. माप वेगळं, वस्तू तीच. त्यामुळे संगणकावर ४.५ जीबी दिसणारी फाईल या तबकडीत मावणार नाही.

आता गणित मांडू. एका बाईटमध्ये ८ बिट असतात. ४७० कोटी × ८ = ३७६० कोटी बिट. त्यातली थोडी जागा मेनूसाठी आणि इतर नोंदींसाठी राखून ठेवू. उरले ३६०० कोटी. कार्यक्रम दोन तासांचा असेल, तर सेकंद झाले ७२००.

३६०० कोटी ÷ ७२०० = ५० लाख.

म्हणजे दर सेकंदाला आपल्याला ५० लाख बिट खर्च करता येतील. यालाच ‘बिटरेट’ म्हणतात. दीड तासाला हाच आकडा सुमारे ६६ लाख येतो, तीन तासांना ३३ लाख. एक तासाला येतात १०० लाख. पण डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राला ९८ लाखांपेक्षा जास्त देता येत नाहीत. घरी बनवलेली तबकडी जुन्या प्लेअरवर अडखळू नये म्हणून ८० लाखांच्या आत राहिलेलं बरं.

हे एक भागाकाराचं गणित आधी केलं, तर ‘जागा अपुरी’ ही सूचना तुम्हांला बहुधा दिसणारच नाही.

आवाज किती जागा खातो?

या ५० लाखांत चित्र आणि आवाज दोघांनाही वाटा द्यायचा आहे. डीव्हीडीत आवाजाचे एका सेकंदात ४८,००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. गुणाकार करा: १५ लाख ३६ हजार! पन्नासातले पंधरा लाख आवाजानंच खाल्ले, तर चित्राला काय उरणार? आवाज असा जसाच्या तसा ठेवण्याच्या पद्धतीला ‘पीसीएम’ म्हणतात. डीव्हीडी बनवताना चुकून हा पर्याय निवडला गेला, की जागेची ओढाताण सुरू होते.

यावर उपाय म्हणजे ‘डॉल्बी एसी-३’ ही पद्धत. आपल्या कानाला जे जाणवणारच नाही, ते ती गाळते आणि आवाज दाबून बसवते. नेहमीच्या दोन वाटांच्या आवाजाला १ लाख ९२ हजार बिट पुरतात. गाणं-बजावणं असेल, तर २ लाख ५६ हजार द्या.

इथं एक मोह होतो. ‘आवाजातून आणखी थोडं वाचवू या!’ समजा, आवाज १ लाख ९२ हजारांवरून ६४ हजारांवर आणला. वाचले किती? १ लाख २८ हजार. पन्नास लाखांत एवढ्याशा भरीनं चित्र काही उजळणार नाही. आवाज मात्र डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येईल. म्हणून लक्षात ठेवा: काटकसर करायची ती चित्रात करा, आवाजात नको.

चित्रातली काटकसर

पहिला उपाय कात्रीचा. लग्नाच्या चित्रणात मांडवाची झालर, रोषणाई आणि रिकाम्या खुर्च्या दहा-दहा मिनिटं दिसत असतात. ते कापा. वेळ कमी झाला, की बाकीच्या वेळेला जास्त बिट मिळतात.

दुसरा उपाय दोन फेऱ्यांचा. आजी एका जागी बसून गोष्ट सांगते, तेव्हा मागची भिंत हलत नाही; तिथं थोडे बिट पुरतात. लेझीम सुरू झालं, की सगळंच हलतं; तिथं बिट कमी पडले, तर चित्रात चौकोनी ठिकळं दिसतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘टू-पास’ हा पर्याय असेल तर तो निवडा. हुशार वाढपी आधी पंगत किती मोठी, कोण किती खाणारा, हे बघून घेतो, मगच वाढतो. इथंही तसंच. पहिल्या फेरीत संगणक नुसतं पाहतो, दुसऱ्या फेरीत वाटतो.

तिसरा उपाय खास जुन्या कॅसेटसाठी. डीव्हीडीचं पूर्ण चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं. पण ३५२ × ५७६ सुद्धा नियमात बसतं. व्हीएचएस कॅसेटमध्ये मुळात तपशील कमी असतो, त्यामुळे या आकारात फारसं काही हरवत नाही. आणि एवढं करूनही भागलं नाही, तर सरळ दोन तबकड्या करा!

आवाज गेला कुठं?

मोबाईलमधल्या चित्रफितीत आवाज बहुधा ‘एएसी’ प्रकारचा असतो. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत तो बसत नाही. फाईल नुसती तबकडीवर उतरवली, तर काही प्लेअर ती घेतच नाहीत, काही चित्र दाखवून गप्प बसतात. म्हणून ‘डीव्हीडीस्टायलर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरनं रीतसर डीव्हीडी बनवायची आणि आवाज एसी-३ करून घ्यायचा.

आवाज चिरका आणि घाईघाईचा येतो का? मग नमुन्यांचा घोटाळा आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या गाण्यांच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ते ४८,००० समजून वाजवले, तर ६० मिनिटांचा आवाज ५५ मिनिटं साडेसात सेकंदांतच संपतो! ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरनं तो ४८,००० मध्ये नीट बदलून घ्या.

ओठ आणि शब्द यांची चुकामूक

नदीच्या पलीकडे कुणी धुणं आपटत असेल, तर कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो, ‘धप्’ मागून येतं. वीज आधी, गडगडाट नंतर. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. म्हणून आवाज किंचित मागे राहिला, तर आपण चालवून घेतो. पण पुढे धावला, तर लगेच खटकतं.

दुरुस्तीआधी दोन जागा शोधा, एक सुरुवातीची आणि एक शेवटची. टाळी, झांजेचा ठोका, नारळ फुटण्याचा क्षण, काहीही चालेल. चित्र आणि आवाज यांतलं अंतर दोन्हीकडे मोजा. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणजे एक चित्र एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढं.

• दोन्हीकडे अंतर सारखं असेल, तर सगळा आवाज तेवढाच पुढे किंवा मागे सरकवा.

• अंतर एकसारखं वाढत गेलं असेल, तर आवाज वेगळ्या यंत्रावर टिपलेला असण्याचा संभव आहे. दोन घड्याळं कधी अगदी एकसारखी चालतात का? इथं त्रैराशिक वापरा. ६० मिनिटांना २ सेकंद, तर ३० मिनिटांना १. त्या प्रमाणात आवाज ताणा किंवा आखडा.

• अंतर मध्येच उडी मारत असेल, तर कॅसेट उतरवताना संगणकानं काही चित्रं गाळली असतील. इतर सगळी कामं बंद करून पुन्हा उतरवा. फीत मोबाईलवरची असेल, तर तो अंधारात सेकंदाला कमी चित्रं घेतो. अशी फीत आधी ठरावीक २५ चित्रांची करून घ्या, मगच कात्री लावा.

तबकडी झाल्यावर

पालकांनाही एक विनंती. तबकडी झाली म्हणून मूळ कॅसेट टाकून देऊ नका. घरी लिहिलेली तबकडी ऊन, ओरखडे आणि दमटपणा यांनी खराब होते. शिवाय आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती घालायला जागाच नसते. म्हणून संगणकात उतरवलेली मोठी मूळ फाईल हार्ड डिस्कवर जपा आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, मामाकडे किंवा मावशीकडे ठेवा.

आणि बालमित्रांनो, या रविवारी एक काम करा. आजी-आजोबांशेजारी बसून ती फीत एकदा पूर्ण पाहा आणि हातात वही घ्या. पडद्यावर कोण बोलतंय, तो आवाज कुणाचा, हे विचारून मिनिटासकट लिहून ठेवा. बिट मोजायला संगणक आहे. पण मागून ‘अगं, पदर सांभाळ!’ म्हणणारी ती बाई कोण, हे फक्त आजीलाच ठाऊक असतं.