लाल ठिपके म्हणजे कॅन्सर नव्हे

मामांच्या मानेच्या गाठीतून सुईने काढलेल्या नमुन्याचा फ्लो सायटोमेट्री रिपोर्ट भाच्याने मोबाइलवर उघडला. चौकोनात ठिपक्यांचे पुंजके, त्यातला एक लालभडक. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "डॉक्टर, हाच ना कॅन्सर?"

रंग आमच्या टेक्निशियनने निवडलेला. हिरवा निवडला असता तर पुंजका हिरवा दिसला असता. एक ठिपका म्हणजे लेझरसमोरून गेलेली एक पेशी. तिच्यावरच्या दोन खुणा किती चमकल्या, त्यावरून तिची जागा ठरते. मामांच्या लाल पुंजक्यात साध्या टी पेशी होत्या.

"पण सीडी२० पॉझिटिव्ह लिहिलंय!" असणारच. निरोगी माणसाच्या बी पेशींवरही सीडी२० ही खूण असते. खरा प्रश्न, या बी पेशी कॅन्सरमध्ये असतात तशा एकाच पेशीची पिलावळ आहेत का? ते कळतं कॅपा आणि लॅम्डा या दोन खुणांवरून. प्रत्येक बी पेशी यांतली एकच बाळगते. निरोगी नमुन्यात दोन्ही पुंजके दिसतात, कॅपाचा साधारण दीड ते दोनपट. हे प्रमाण ३ च्या वर किंवा ०.५ च्या खाली गेलं की आमच्या भुवया उंचावतात. तरी एकूण आकड्यावर विसंबू नये: निरोगी पेशींच्या गर्दीत छोटी टोळी लपली, तर बेरीज सरळच दिसते. म्हणून सीडी५ किंवा सीडी१० असलेल्या बी पेशी वेगळ्या काढून त्यांचं कॅपा-लॅम्डा पुन्हा बघायचं. उलट, वयस्कर माणसाच्या रक्तात अशी छोटी टोळी सापडली म्हणजे लगेच कॅन्सर असंही नाही. अनेकांना ती कधीच त्रास देत नाही.

रिपोर्टमधल्या टक्केवारीचं थोडक्यात: '८० टक्के' म्हणजे आखलेल्या चौकटीतल्या पेशींपैकी ८० टक्के. शरीरात आजार किती पसरलाय, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मामांच्या बी पेशींत कॅपा-लॅम्डा दोन्ही होते. भाचा खूश. "म्हणजे लिम्फोमा नाहीच!"

इथे मात्र त्याला थांबवावं लागलं. हॉजकिन लिम्फोमात रोगट पेशी मोजक्याच असतात, नेहमीच्या तपासणीत निसटतात. काही लिम्फोमांतल्या मोठ्या पेशी नाजूक; नमुना तयार करतानाच फुटतात आणि पडद्यावर त्यांचा मागमूस राहत नाही. गाठ दोन महिने वाढतेच आहे, तर बायोप्सी हवीच. सर्जनना फोन करून सांगितलं: एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, दुसरा ताजाच सलाइनमध्ये, लगेच पाठवा. सगळंच फॉर्मलिनमध्ये बुडालं की फ्लोसाठी काही उरत नाही.