पडून राहायला वेळ नाही

सकाळी ६
ओहोटी असली की मालगुंडच्या किनाऱ्यावरची ओली वाळू पायाखाली घट्ट लागते. अण्णांना मी तिथंच चालायला नेते. मी फिजिओथेरपिस्ट, अण्णा आंब्याच्या बागांत राबलेले, साठीला टेकलेले. गालाच्या आतली जखम डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात तपासली, कर्करोगाची निघाली; ऑपरेशन परळला, टाटात. तारखेला तीन आठवडे उरलेत. चालायचा वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणायला दम पुरू नये. अर्धा तास.

"आजारी माणसाला कसली दामटवतेस गो?" त्यांची बहीण रोज विचारते.

"पडून राहिले तर पायातलं बळ जाईल, आत्या. मग टेबलावर कुणाला पाठवायचं?"

७.३०
पडवीत श्वासाचा व्यायाम. तीन गोळ्यांचं ते यंत्र हातात दिलं की जो तो आधी फुंकतोच. फुंकायचं नसतं; नळीतून हवा आत ओढायची, सावकाश, खोल, आणि क्षणभर धरून ठेवायची. अण्णांची पहिली गोळी चढते, दुसरी लटपटते. तिसरीचा हट्ट मी धरत नाही. झटक्यात तिन्ही उडवण्यापेक्षा एक वर टिकवलेली बरी. मोठ्या भुलीनंतर फुप्फुसांचा तळ नीट फुलत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया गाठतो. विडी तारीख मिळाली त्याच दिवशी बंद करायला लावली. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे धूर थांबला तर छातीचे त्रास कमी होतात, जखमही चांगली भरते.

मग मान-खांद्याचे व्यायाम. मानेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो, तो कसा हलवायचा हे आधीच अंगवळणी पडलेलं बरं.

१०.३०
गणपतीपुळ्याच्या काकी. मोठ्या आतड्याचा कर्करोग, त्यात रक्त कमी. डॉक्टरांनी लोह सुरू केलंय. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, एवढाच आजचा व्यायाम. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१४मध्ये अशाच ७७ रुग्णांचा अभ्यास छापला. व्यायाम, आहार आणि मनाची तयारी, हे सगळ्यांनाच दिलं. अर्ध्यांना ऑपरेशनच्या चार आठवडे आधीपासून, अर्ध्यांना नंतर. आठ आठवड्यांनी आधीवाल्यांतले ८४ टक्के पूर्वीइतकं चालू लागले होते, नंतरवाल्यांतले ६२. अभ्यास लहान आहे, पण काकींना आकडे पटले. मला त्याहून त्यांचं सुनेला "चहा मीच करते" म्हणणं पटलं.

दुपारी १
अण्णांचं जेवण. तिखट लागलं की गाल पेटतो, म्हणून मऊ भात, बिनतिखटाची कुळथाची पिठी, काटे काढून कुस्करलेला मासा. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. अण्णा पन्नास किलोंचे, म्हणजे साठ-पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहाच. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, हिशोब भिंतीवरच्या कालनिर्णयवर मांडलाय.

दुपारी ४
दिवसातलं सगळ्यात अवघड काम. घशाला छिद्र पाडून श्वासाची नळी घातली, तर काही दिवस बोलता येणार नाही. नाकातून पोटात नळी, मानेतून रक्त-पाणी वाहून नेणारी दुसरी. हे डॉक्टरांनी सांगितलंय, पण परळच्या गर्दीत कानावरून गेलेलं. शुद्धीवर आल्यावर हे सगळं अचानक दिसलं तर माणूस हादरतो, नळ्या ओढू पाहतो. म्हणून आम्ही तासभर तोंड बंद ठेवतो. काकू विचारतात, अण्णा पाटीवर लिहितात. दुखतंय म्हणजे मूठ, कफ काढा म्हणजे छातीवर दोन बोटं. आज त्यांनी लिहिलं, "चेहरा कसा दिसेल?" खोटं काय सांगायचं? वेगळा दिसेल, मी म्हणाले. मांडीची किंवा हाताची कातडी गालाला लावतात, हेही सांगितलं. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "मिशी ठेवता येईल?" हा प्रश्न सर्जनांना विचारायच्या यादीत टाकलाय.

संध्याकाळी ६
भेटायला येणाऱ्यांची वेळ. कुणी डोळ्याला पदर लावतं, कुणी वाडीत कोण कशानं गेलं ते मोजतं. दिवसभर कमावलेलं इथं अर्ध्या तासात जातं. मी स्पष्टच बोलते, त्यामुळे वाईटही होते.

रात्री ८
पाय सोडून बसून दहा मिनिटं संथ श्वास, मग झोप. दादरला उतरवणारी तुतारी एक्स्प्रेस धरायचं ठरलंय. २०१७ साली गाडीला ते नाव मिळालं ते इथल्याच केशवसुतांच्या कवितेवरून. अण्णांना याचा भारी अभिमान.

तुमच्या वाडीत कुणी ऑपरेशनच्या तारखेची वाट बघत असेल, तर शहाळं घेऊन उशाशी बसू नका. चपला घाला आणि त्यांना फिरायला घेऊन जा.